सत्कार आणि काम : चित्रपटधंद्याच्या सोहळ्यांचा एक ताळेबंद

मराठी चित्रपटाच्या इतिहासावरची पुस्तके चाळताना एक उणीव मला नेहमी जाणवते. त्यांत चित्रपट असतात, कंपन्या असतात, नटनट्यांची आणि दिग्दर्शकांची चरित्रे असतात. पण ही सगळी माणसे ज्या समारंभांच्या निमित्ताने एकत्र जमत, त्या समारंभांच्या वाट्याला फार तर एखादे छायाचित्र येते. हार घातलेली सात-आठ माणसे, मागे पडदा, समोर टेबलावर पेले आणि खाली ‘डावीकडून उजवीकडे’ अशी नावे. त्या दिवशी तिथे काय ठरले, कोणाला कोण भेटले, कोण रिकाम्या हाताने परत गेले, याची नोंद सहसा सापडत नाही.

गेली काही वर्षे मी अशा समारंभांच्या स्मरणिका जमवतो आहे. मुहूर्त, रौप्यमहोत्सव, पुरस्कार, वर्धापनदिन, कलावंतांचे स्नेहमेळावे, सगळ्यांच्या. या स्मरणिकांची बांधणी जवळजवळ ठरलेली असते. पुढच्या पानांवर शुभसंदेश, मान्यवरांची छायाचित्रे आणि गौरवलेख. मागच्या पानांवर जाहिराती : कच्ची फिल्म विकणारे, रसायनशाळा, प्रोजेक्टर दुरुस्त करणारे, पोशाख भाड्याने देणारे, पोस्टर छापणारे छापखाने. पुढची पाने सत्काराची आणि मागची पाने कामाची. स्मरणिकेतल्या या दोन भागांप्रमाणेच प्रत्येक सोहळ्याचीही दोन खाती असतात, असे मला वाटू लागले आहे. एका खात्यात मान जमा होतो, दुसऱ्यात व्यवहार. ज्या माणसाचे पहिले खाते भरलेले आणि दुसरे रिकामे, त्याचे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या चित्रपटसृष्टीत हा प्रश्न सगळ्यात आधी आणि सगळ्यात लख्खपणे उभा राहिला तो १९३९ साली, मुंबईत, भारतीय चित्रपटधंद्याच्या रौप्यमहोत्सवात. आणि तो ज्यांच्या रूपाने उभा राहिला, त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

ओळखीवर उभा राहिलेला धंदा

१९३९ कडे येण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे, कारण फाळके हे स्वतः ओळखी जोडण्यात कच्चे होते असे मुळीच नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तेव्हा तिथे त्यांचे ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ नावाचे सिनेमाविषयक साप्ताहिक ते मुंबईत मागवून वाचत असत. लंडनमध्ये त्याच्या कचेरीची पाटी दिसताच ते सरळ आत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. हिंदुस्थानात चित्रपट काढण्याचा हा बेत कॅबोर्नना आधी फारसा शहाणपणाचा वाटला नाही. पण या गृहस्थाची चिकाटी पाहून त्यांनीच पुढे यंत्रसामग्री निवडायला मदत केली आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याची गाठ घालून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांना चित्रीकरणाचे सगळे अंग जवळून पाहायला मिळाले. विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परतले.

मायदेशी आल्यावर प्रश्न पैशाचा होता. त्यासाठी त्यांनी केलेली युक्ती मला फार बोलकी वाटते. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी रोपाच्या वाढीची एक छोटी फिल्म तयार केली आणि ती निवडक मंडळींना घरी बोलावून दाखवली. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणात उलगडताना पाहून पाहुणे चकित झाले आणि यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. भारतीय चित्रपटधंद्यातला पहिला ‘खास खेळ’ कोणता, असे कोणी विचारले तर मी या वाटाण्याच्या खेळाचे नाव घेईन. त्यात कौतुक आणि कर्ज एकाच बैठकीत मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिने त्याआधी आणि त्यानंतरही गहाण पडत राहिले, ही गोष्ट मात्र कोणत्याही बैठकीत मांडली गेली नसेल. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, ही कामे त्या बाईंनी केली.

दुसरा खास खेळ २१ एप्रिल १९१३ चा. ग्रँट रोडवरच्या ऑलिंपिया थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ निमंत्रितांना दाखवला गेला. शहरातली प्रतिष्ठित मंडळी आणि वृत्तपत्रांचे संपादक यांच्यासाठीच तो होता. त्यानंतर बारा दिवसांनी, ३ मे रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी लागला. तिथे एकट्या चित्रपटावर लोक येतील याची खात्री नव्हती, म्हणून सोबत नाच आणि पायांनी चेंडू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळही ठेवलेला होता. ऑलिंपियातला खेळ नावासाठी आणि कॉरोनेशनमधला गल्ल्यासाठी, असे आज म्हणता येईल. पण त्या वेळी ही दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर होती. ज्याचे कौतुक होत होते त्याच्याच हातात पुढच्या चित्रपटाची सूत्रे होती.

कोल्हापुरातही सुरुवात अशीच झाली. बाबूराव पेंटरांनी तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या एका शब्दाने कंपनीला जी पत मिळाली ती कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती. सत्कार आणि काम अजून एकमेकांचा हात धरून चालत होते.

१९३९ : महोत्सवाचा शेवटचा दिवस

पुढच्या पंचवीस वर्षांत धंदा वाढला आणि फाळके मागे पडले. ‘लंकादहन’च्या वेळी तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागत असे सांगतात. १९१८ साली त्यांनी भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभारली. पण भागीदारांना हिशेब हवा होता आणि फाळक्यांना मनासारखे चित्र. मतभेद होऊन ते काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, मग परत कंपनीत आले. तोवर नव्या पिढीने नवी भाषा आत्मसात केली होती. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. फाळक्यांचा एकुलता एक बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनतर्फे आला. त्याच वर्षी प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. या दोन बातम्या एकाच वर्षाच्या आहेत हे लक्षात घेतले म्हणजे अंतर किती पडले होते ते कळते.

१९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्याचे मुख्य सूत्रधार होते रणजित मूव्हीटोनचे सरदार चंदुलाल शहा. रणजित त्या वेळी देशातल्या सगळ्यात मोठ्या चित्रसंस्थांपैकी एक होती. निर्माते, वितरक, चित्रगृहांचे मालक, नटनट्या अशी सर्व प्रांतांतली मंडळी जमली. धंद्याला सरकारदरबारी मान्यता हवी होती, करांबाबत गाऱ्हाणी होती, परदेशी चित्रपटांशी स्पर्धा होती. या सगळ्यासाठी एकत्र येऊन एका आवाजात बोलणे गरजेचे होते. म्हणजे महोत्सवाला भक्कम व्यावहारिक कारण होते आणि त्याबद्दल आक्षेप घ्यावा असे काही नाही. पंचवीस वर्षे मोजायची झाली तर ती फाळक्यांच्या चित्रापासून मोजायची, यावरही सर्वांचे एकमत होते.

फाळक्यांना निमंत्रण होते आणि ते आले. वय एकोणसत्तर. पण ज्यांच्या कामापासून वर्षे मोजली जात होती त्यांच्यासाठी त्या गर्दीत वेगळी अशी जागा नव्हती. इतर पाहुण्यांसारखे तेही एक पाहुणे. व्ही. शांताराम यांनी त्यांना ओळखले आणि चार शब्द बोलण्याची विनंती केली. पुढे महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी शांतारामांनी जमलेल्या निर्मात्यांना, दिग्दर्शकांना आणि कलावंतांना आवाहन केले की फाळक्यांना राहायला हक्काचे घर नाही, सर्वांनी मिळून ते बांधून देऊ या. प्रतिसाद अगदी थोडा मिळाला. मग शांतारामांनी जमलेल्या रकमेत प्रभात फिल्म कंपनीतर्फे भर घातली आणि पाच हजार रुपये फाळक्यांना दिले. त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत एक लहानसा बंगला झाला. त्याचे नाव ‘हिंद सिने-जनकाश्रम’.

या प्रसंगाकडे पाहण्याची नेहमीची पद्धत म्हणजे शांतारामांचा मोठेपणा आणि धंद्याची कृतघ्नता. दोन्ही खरे आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. महोत्सवात त्या दिवशी हजर असलेल्या बहुतेकांना फाळक्यांबद्दल आदर नव्हता असे म्हणता येणार नाही. टाळ्या वाजल्याच असणार. अडचण अशी होती की महोत्सवाला आलेला प्रत्येक जण पुढच्या वर्षाचा विचार करत होता. कोणाला चित्रगृह हवे होते, कोणाला वितरक, कोणाला नवी नायिका. फाळक्यांजवळ देण्यासारखे जे होते ते देऊन झाले होते. अशा माणसाला हार घालता येतो, पण त्याच्याशी सौदा करता येत नाही. आणि सोहळ्याचे यंत्र मुख्यतः सौद्यांवर चालते. शांतारामांनी केले ते एवढेच की थोड्या वेळापुरते एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात वळवायला लोकांना लाजवून पाहिले. लोक फारसे लाजले नाहीत, तेव्हा स्वतःच्या कंपनीचे पैसे घातले.

घर मिळाले, पण फाळक्यांच्या मनात घर नव्हते, चित्रपट होता. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर सरकारचे नियंत्रण आले आणि चित्रपट काढायला परवाना लागू लागला. आणखी एक चित्र काढायचे म्हणून त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेल्याचे पत्र फेब्रुवारी १९४४ मध्ये आले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी रोजी, नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते मागत होते ते काम. समाजाने दिले ते छप्पर. छप्पर मिळाले हेही त्या काळी अपवादाने घडणारे होते, पण मागणी आणि देणे यांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या कथेला एक पुरवणी आहे. ज्या चंदुलाल शहांच्या पुढाकाराने रौप्यमहोत्सव झाला, त्यांच्याच देखरेखीखाली १९६३ साली सुवर्णमहोत्सवही झाला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. पण सट्टा आणि घोड्यांच्या शर्यती यांत त्यांची संपत्ती गेली, रणजितही गेली, आणि १९७५ साली त्यांचा अंत हलाखीत झाला. व्यासपीठावर असणे ही काही कायमची जागा नव्हे. १९३९ च्या महोत्सवात हा धडा समोरच्या खुर्च्यांमध्ये बसलेला होता आणि व्यासपीठावरच्या माणसालाही तो पुढे शिकावा लागला.

पगार संपला आणि मेळावे वाढले

रौप्यमहोत्सवाच्या काळात बहुतेक चित्रपट-कामगारांना मेळाव्यांची तितकी गरज नव्हती, कारण ते स्टुडिओचे पगारदार होते. प्रभात, रणजित अशा संस्थांमध्ये नटापासून सुतारापर्यंत सगळे एका आवारात असत आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेत. कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओत ओळख करून घ्यायला वेगळा समारंभ लागत नसे. सकाळी फाटकातून आत गेले की सगळेच भेटत. भालजींच्या हाताखाली किती नटनट्या घडल्या याची यादी मोठी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना संधी मिळाली ती रोजच्या वावरातून.

ही व्यवस्था चाळीसच्या दशकात मोडू लागली. युद्धकाळात सहज आलेला पैसा चित्रपटात घुसला, मोठे नट पगार सोडून चित्रपटागणिक ठराव करू लागले आणि स्टुडिओंना खर्च पेलेना. शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले. पुढे प्रभात बंद पडली आणि तिच्या पुण्यातल्या आवारात १९६० साली आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोल्हापुरात १९४८ च्या जाळपोळीत भालजींचा स्टुडिओ भस्म झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, पण कर्जाच्या ओझ्याखाली. पगार गेला तसा प्रत्येक माणूस आपापला धनी झाला, म्हणजेच प्रत्येक माणूस बेकार होण्याच्या शक्यतेसह जगू लागला. कोणत्या कंपनीत काय सुरू होणार आहे, कोणाला संकलक हवा आहे, कोण पैसे लावतो आहे, ही माहिती आता फाटकाच्या आत मिळत नव्हती. ती मुहूर्ताला, पहिल्या खेळाला आणि सत्काराला मिळू लागली.

म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुहूर्ताचे रूप बदलले. देवाला नारळ फोडून पहिला शॉट घेणे ही जुनी रीत होतीच. आता मुहूर्ताला वितरकांना बोलावणे हे मुख्य झाले. नायक-नायिका पाहून आणि गाण्यांच्या दोन ओळी ऐकून वितरक आपापल्या प्रदेशाचे हक्क घेत आणि पहिला हप्ता देत. त्या हप्त्यांवर चित्रीकरण चाले. मुहूर्ताला गर्दी कमी झाली तर चित्रपट तिथेच थांबे. तेव्हा पेढे, फुले, फोटो यांच्यावर निर्मात्याने केलेला खर्च हा हौसेचा नसून गरजेचा होता. स्मरणिकांत मला दिसते की लहानात लहान मराठी निर्मातासुद्धा या एका दिवसावर ऐपतीबाहेर खर्च करत असे.

रौप्यमहोत्सवाचेही तसेच. चित्रपट एका चित्रगृहात पंचवीस आठवडे चालला की समारंभ होई आणि ट्रॉफ्या वाटल्या जात. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये सुमारे अडीच वर्षे चालला. दादा कोंडके यांच्या १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून एकापाठोपाठ एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. या समारंभांत ट्रॉफी नायकाला मिळे तशी चित्रगृहाच्या मालकाला आणि वितरकालाही मिळे. तेवढ्यावरून कळते की तिथला मान पुढच्या करारासाठी आधीच भरलेला हप्ता होता.

जिथे नियम कामाला आला

सरकार या सोहळ्यांत उतरले ते पन्नासच्या दशकात. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि पहिलेच सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच राज्य मराठी चित्रपट पुरस्कार आले. १९६९ पासून केंद्र सरकारने फाळक्यांच्या नावाने सर्वोच्च पुरस्कार ठेवला. तो शांतारामांना १९८५ चा आणि भालजींना १९९१ चा मिळाला. भालजी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते.

हे सगळे सत्काराच्या खात्यात. कामाच्या खात्यात सरकारने टाकलेली महत्त्वाची रक्कम निराळी आहे आणि तिच्यासाठी कोणी मांडव घातला नव्हता. १९७५ साली राज्याने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. तिची खुबी अटीत होती. एका चित्रपटावर भरलेला कर निर्मात्याला परत मिळे, पण त्यासाठी त्याने पुढचा मराठी चित्रपट काढायला हवा. म्हणजे बक्षीस होते, पण ते पुढच्या कामाला जोडलेले. या एका अटीमुळे निर्माता टिकला आणि निर्मात्याबरोबर कॅमेऱ्यामागची पन्नास-साठ माणसेही टिकली. परतावा घेण्यापुरते चित्रपट काढले गेले आणि त्यांतले बरेच सुमार होते, ही टीका रास्त आहे. पुढे योजना बदलली आणि दर्जा ठरवून अनुदान देण्याची पद्धत आली. तरीही १९३९ च्या आवाहनाशी तिची तुलना केली तर फरक स्पष्ट दिसतो. शांतारामांना लोकांच्या चांगुलपणावर विसंबावे लागले. करपरताव्याला कोणाच्या चांगुलपणाची गरज नव्हती.

चांगुलपणाची गरज पुन्हा पडली ती २००४ मध्ये. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी. मग भारतातर्फे ऑस्करसाठी त्याची निवड झाली. पण अमेरिकेत जाऊन परीक्षक मंडळींना चित्रपट दाखवणे, जाहिरात करणे, यासाठी लागणारा पैसा निर्मात्यांकडे नव्हता. या वेळी मराठी समाजातून मदत आली. शाळकरी मुलांनी वस्तू विकून पैसे जमवले, नाट्यसंस्थांनी हातभार लावला. नामांकन मिळाले नाही. पण आवाहनाला प्रतिसाद मिळाला आणि तो मुख्यतः धंद्याबाहेरच्या माणसांकडून. पासष्ट वर्षांपूर्वीच्या आवाहनाशी ताडून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. त्यानंतर पाचच वर्षांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीवरचा परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ही भारतातर्फे ऑस्करला गेला.

आजचा मेळावा

आज या दोन खात्यांची उघड फाळणी झाली आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात स्थिरावला आणि २००७ पासून त्याच दिवसांत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा ‘फिल्म बाजार’ भरू लागला. नावच बाजार. तिथे सत्कार नाही. टेबले मांडलेली असतात, वेळ ठरलेली असते आणि तेवढ्या वेळात समोरच्या परदेशी निर्मात्याला किंवा महोत्सवाच्या निवडकर्त्याला आपली कथा सांगायची असते. प्रवेशाला शुल्क आहे आणि गळ्यात ओळखपत्र हवे. अनेक तरुण मराठी दिग्दर्शकांना अशा बाजारांचा उपयोग झाला आहे आणि मला ही पद्धत जुन्या मुहूर्तापेक्षा प्रामाणिक वाटते. मात्र तिथे जायला शुल्क, प्रवास आणि इंग्रजीतून बोलण्याचे धाडस लागते. स्पॉटबॉय, रंगभूषाकार, सेटवरचे सुतार तिथे जात नाहीत. त्यांच्यासाठी उरतात ते जुन्या पद्धतीचे मेळावे.

अशा एका मेळाव्याला मी दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या उपनगरात गेलो होतो. वर्धापनदिन, काही पुरस्कार, नंतर जेवण. व्यासपीठावर नेहमीची नावे. ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या सत्कारात एका वृद्ध रंगभूषाकाराला शाल आणि श्रीफळ मिळाले. जेवणाच्या वेळी तो मला चहाच्या टेबलाजवळ दिसला. हातात प्लास्टिकच्या पिशवीतला एक छोटा अल्बम. शेजारच्या तरुण कार्यकारी निर्मात्याला तो एकेक फोटो दाखवत होता. दाढ्या, मिशा, जटा, एकेक केस जाळीत ओवून हाताने विणलेल्या. तरुण आधी नम्रपणे पाहत होता, मग खरोखरच पाहू लागला. “काका, हे आता कोण करतं?” त्याने विचारले. “करणारे आहेत की. शाली घरी बऱ्याच झाल्या साहेब, काम असलं तर सांगा.” तरुणाने नंबर घेतला. चार महिन्यांनी मी मुद्दाम चौकशी केली. एका ऐतिहासिक चित्रपटासाठी त्याला मिशा विणण्याचे काम मिळाले होते आणि दोन मुले हाताखाली शिकायला दिली होती.

त्या संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत या भेटीचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. पण माझ्या मते मेळाव्याचा खरा जमाखर्च तोच. सत्कार झाला नसता तर तो माणूस तिथे आला नसता, हेही विसरता कामा नये. म्हणून सत्कार बंद करा, साधेपणाने करा, असा उपदेश मला करायचा नाही. शालीमुळेच तो चहाच्या टेबलापर्यंत पोहोचला. फक्त पुढचे पाऊल त्याला स्वतःच, अल्बम बरोबर आणून, टाकावे लागले. ते संयोजकांनी टाकायला हवे.

हे अवघड नाही. सत्कार होणाऱ्या तंत्रज्ञाला काय येते, हे गौरवपत्रातल्या विशेषणांऐवजी दोन ओळींत लिहिता येईल. तो अजून काम करू शकतो का, शिकवू शकतो का, हे विचारता येईल. ज्यांना काम शक्य नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारची वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना पन्नासच्या दशकापासून आहे. तिचे अर्ज भरून घेणारे एक टेबल जेवणाच्या दालनात मांडता येईल. फाळक्यांना १९३९ साली घराबरोबर एखाद्या संस्थेत शिकवण्याचे काम मिळाले असते तर काय झाले असते, असा तर्क करण्यात आता अर्थ नाही. परंतु १९४४ चा तो अर्ज एकट्या माणसाने, एकट्याच्या बळावर केला होता आणि ज्या धंद्याने पाच वर्षांपूर्वी त्याच्या नावाने महोत्सव केला त्या धंद्याने सरकारकडे त्याची शिफारस नेटाने केली असती तर ती निदान नोंदली तरी गेली असती.

स्मरणिका जमवताना मी आता एक पान शोधत असतो. गेल्या वर्षी आपण ज्यांचा सत्कार केला ते या वर्षी काय करत आहेत, एवढाच मजकूर असलेले. शुभसंदेशांच्या नंतर आणि जाहिरातींच्या आधी त्याला सहज जागा होईल. अजून ते मला कोणत्याही स्मरणिकेत मिळालेले नाही. छापायला मात्र फारसा खर्च येणार नाही.